दर्भाचा कावळा

ताई,

मी ३१ वर्षांचा, सांगलीत राहतो. चौदा वर्षांपूर्वी माझी आजी, म्हणजे आईची आई, आमच्याच घरी गेली. आई एकुलती एक. शेवटची नऊ वर्षं आजीचं सगळं तिनेच केलं. पण अग्नी द्यायची वेळ आली तेव्हा गुरुजी म्हणाले, मुलीला अधिकार नाही, माहेरच्या गोत्रातला पुरुष हवा. मग कऱ्हाडहून आईच्या एका चुलतभावाला बोलावलं. तो येईपर्यंत चार तास आजी ओसरीवर होती. आजारपणात त्या मामाचा एकदाही फोन आला नव्हता. आई फाटकापर्यंत गेली आणि परत आली. मी तेव्हा बारावीत होतो.

गेल्या महिन्यात समोरचे काका गेले. त्यांना दोन मुलीच. तेच गुरुजी आले. धाकटीने अग्नी दिला, दहावंही तिनेच केलं. गुरुजी आपणहून म्हणाले, "शास्त्रात आधार आहे, काही हरकत नाही." आई तिथेच उभी होती. घरी आली ती जेवली नाही. मी म्हणालो, "बघ, तुझं शास्त्र म्हणजे सरकारी जीआर. जुना रद्द, नवा लागू." ती एवढंच म्हणाली, "मग तेव्हा चूक होती की आता?" त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

मी देवधर्म मानत नाही. दोनच गोष्टी विचारतो. धर्म सनातन असेल तर त्याचे नियम बदलतात कसे, हे तिला कसं समजावू? आणि त्या गुरुजींना जाऊन जाब विचारू का?

— अस्वस्थ, सांगली

अरे अस्वस्थ,

तुझ्या आईच्या वयाची आहे, म्हणून अरे-तुरे करते. देव मीही मानत नाही. या सदराच्या जुन्या वाचकांना ते ठाऊक आहे आणि त्यातले काही जण दर गणपतीत मला त्याबद्दल पत्रही पाठवतात. म्हणजे पक्ष आपला एकच. तरी आधी तुलाच बोलणार आहे. जीआरवाली कोटी चांगली होती, पण केलीस ती चुकीच्या बाईवर. चौदा वर्षं घशात अडकलेली गोष्ट तिने त्या रात्री बाहेर काढली आणि समोर तू हजरजबाबीपणा करत उभा.

दुसरं असं, की तिचा प्रश्न तुझ्या प्रश्नापेक्षा सरस आहे. नियम बदलतात कसे, याचं उत्तर पुस्तकं चाळून देता येतं. तेव्हा चूक होती की आता, याचं उत्तर द्यायचं तर कुणाला तरी "चुकलं" असं म्हणावं लागतं. धर्माच्या कारभारात नियम शंभरदा बदललेत, पण हा शब्द उच्चारलेला मी फार क्वचित ऐकलाय.

माझ्या वडिलांच्या दहाव्याची गोष्ट सांगते. आम्ही सगळे घाटावर. पिंड मांडलेले, माणसं दहा पावलं मागे सरून उभी, कावळे समोरच्या पिंपळावर, आणि खाली एकही उतरेना. अर्धा तास गेला. भाऊ हात जोडून पिंडाला सांगत होता, "दादा, आईची काळजी करू नका, मी आहे." कावळा ढिम्म. काकूंनी सुचवलं, घराच्या वाटणीचं बोल. भाऊ तेही बोलला. मग कुणीतरी म्हणालं, धाकटीच्या लग्नाचा घोर असेल. धाकटी म्हणजे मी. सगळा घाट माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घालून पायाने वाळू उकरत राहिले. शेवटी गुरुजींनी पिशवीतून दर्भाच्या काड्या काढल्या, दुमडून गाठ मारली, पुढे चोचीसारखं टोक काढलं आणि तो दर्भाचा कावळा पिंडाला टेकवला. "झालं," म्हणाले. त्यांना साडेबाराची एसटी गाठायची होती. आम्ही पायऱ्या चढून वर आलो तोवर मागे खरा कावळा पिंडावर येऊन बसला होता, कारण घाटावर फिरणारं कुत्रं तेवढ्यात निघून गेलं होतं.

त्या काड्यांकडे मी पुढे पुष्कळ वर्षं हसून पाहिलं. आता तसं हसू येत नाही. कावळा शिवलाच पाहिजे, हा नियम. कावळा शिवत नाही, ही अडचण. नियम मोडायचा नाही, तर कावळाच दुसरा आणायचा. अशा सोयी आपल्याकडे पावलोपावली आहेत. रोजच्या पूजेत "अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि" म्हणतो, म्हणजे दागिन्यांच्या जागी तांदूळ. वस्त्राच्या जागी हळदकुंकू लावलेलं कापसाचं वस्त्र. प्रायश्चित्तात गाय द्यायची तर गायीच्या जागी तिचं मोल; त्याला शास्त्रात 'प्रत्याम्नाय' असं भारदस्त नाव आहे. माणूस परमुलखात गेला आणि देहच हाती लागला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात. याला मी लबाडी म्हणत नाही. घरात तूप नसलं तर तेलावर भागवणाऱ्या बाईची ही अक्कल आहे आणि धर्म एवढी शतकं टिकला तो निम्मा याच अकलेवर.

पण सोय कुणासाठी करायची, हे ठरवणारा कुणीतरी असतो. तुझ्या आजीच्या पिंडाला दर्भाचा कावळा चालला असता. चितेला पोटची मुलगी चालली नाही.

आता गुरुजींच्या "आधार आहे" कडे येऊ. ते खोटं बोलले नाहीत. उत्तरक्रियेचा अधिकार कुणाकुणाला, याची यादी धर्मशास्त्राच्या ग्रंथांतच असते. काशीच्या कमलाकरभट्टांचा 'निर्णयसिंधु' १६१२ सालचा. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा, म्हणजे बाबा पाध्यांचा, 'धर्मसिंधु' १७९० च्या सुमाराचा. आपल्याकडचे गुरुजी आजही अडलं की धर्मसिंधूच उघडतात. मुलगा, नातू, पणतू नसेल तर पुढे कोण, हे सांगताना त्या याद्यांमध्ये मुलगी येते आणि मुलीचा मुलगाही येतो. कुणाच्या आधी कोण, यावर वाद आहेत. स्त्रीने करायचं तर मंत्रासह की मंत्रावाचून, यावरही आहेत. पण मुलगी यादीत आहे. मुलीचा मुलगा म्हणजे कोण, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. बारावीतला तूसुद्धा यादीत होतास.

म्हणजे चौदा वर्षांपूर्वीही तो आधार होताच. गुरुजींच्या कपाटात, लाल फडक्यात बांधून. पान कुणी उलटलं नाही.

शास्त्र म्हणजे जुन्या वाड्याचा माळा आहे, बाबा. तिथे सगळं असतं: फुटका पाळणा, चांगली परात, आजोबांची काठी, कुणाचं तरी बाशिंग. हवं असेल तेव्हा शिडी लावायची, हवं ते काढायचं आणि खाली येऊन म्हणायचं, "हे आपल्याकडे पहिल्यापासून होतंच." नको असेल तेव्हा माळ्याला शिडी नसते.

कधीकधी तर वस्तूही तीच, फक्त धरायची बाजू बदलते. याचा माझा लाडका नमुना म्हणजे पराशरस्मृतीतली एक ओळ. "नष्टे मृते प्रव्रजिते क्लीबे च पतिते पतौ". नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, तर या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करता येतो. बंगालच्या ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहासाठी हीच ओळ पुढे केली आणि १८५६ साली इंग्रज सरकारने तसा कायदा केला. विरोधी पंडितांनी ओळ नाकारली नाही. ते म्हणाले, नीट वाचा. 'पति' शब्दाची सप्तमी 'पत्यौ' होते, 'पतौ' नाही. एवढा मोठा ऋषी व्याकरणात चुकेल का? तेव्हा इथे पद 'अपतौ' असलं पाहिजे. आधीच्या 'पतिते'ला जोडताना त्यातला 'अ' संधीने गिळला गेला. 'अपति' म्हणजे जो अजून पुरता पती झालेला नाही तो, नुसतं वाग्दान झालेला. म्हणून ही सवलत वाङ्निश्चय झालेल्या मुलीला. विधवेला नाही.

गंमत अशी की 'पतौ' हे रूप खरोखरच आडवाटेचं आहे. व्याकरणाच्या वर्गात पंडितांना मार्क द्यावे लागतील. पण आठव्या-नवव्या वर्षी कपाळ पुसलेल्या मुलीने उरलेला जन्म केस उतरवून, आलवण नेसून माजघरात काढायचा की नाही, हे एका न ऐकू येणाऱ्या 'अ'वर ठरत होतं. ज्यांना हवा होता त्यांना तो ऐकू आला. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर या विषयावर मोठा वाद झाला. विष्णुशास्त्री पंडित आणि त्यांचे सहकारी पुनर्विवाहाच्या बाजूने लढले आणि निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईशी लग्न केलं, ती विधवा. मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. स्वतःच्या आईच्या घरी राहायची सोय उरली नाही. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. आज कर्वे सगळ्यांचे अण्णा आहेत. आणि तो 'अ'? तो कुठे गेला, कुणी विचारत नाही. "आमचं वाचन चुकलं होतं" अशी नोंद माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता तुझ्या आईच्या प्रश्नाला गुरुजी काय उत्तर देतील, ते मी आधीच सांगते. ते म्हणतील, "ताई, तेव्हा तेही बरोबर होतं आणि आता हेही बरोबर आहे. काळाप्रमाणे युगधर्म बदलतो." हे उत्तर त्यांनी आज शोधलेलं नाही. धर्मशास्त्रात त्यासाठी एक अख्खं कपाट आहे, त्याचं नाव कलिवर्ज्य. म्हणजे पूर्वीच्या युगांत चालत होतं, कलियुगात करायचं नाही. भारतरत्न पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात अशा पन्नासावर गोष्टी मोजून दाखवल्यात. नियोग, म्हणजे निपुत्रिक विधवेला दिरापासून मूल, वर्ज्य. यज्ञात आणि पाहुण्यासाठी गाय मारणं वर्ज्य. श्राद्धात मांस वर्ज्य. द्विजांनी समुद्रावरून जाणं वर्ज्य. आणि संन्यास घेणंही वर्ज्य!

आहे ना मौज? संन्यास कलियुगात वर्ज्य, आणि कलियुगात धर्माचा शेवटचा शब्द कुणाचा, तर शंकराचार्यांचा, म्हणजे संन्याशांचा. यावरही तोड निघालीच. जोवर वर्णविभाग आहे आणि जोवर वेद चालू आहेत, तोवर कलियुगातही संन्यास घ्यावा, असं दुसरं वचन सापडलं. दर्भाचा कावळाच तो. समुद्राचं तर बोलायलाच नको. बोटीवर पाय ठेवला म्हणून ज्या घरांत प्रायश्चित्तं झाली, त्याच घरांतले गुरुजी आज दुबई आणि न्यू जर्सीला विमानाने वास्तुशांत करून येतात आणि येताना नातवंडांना चॉकलेटं आणतात. मला त्याचा आनंदच आहे.

कलिवर्ज्य ही फार हुशार माणसांनी केलेली रचना आहे, हे मान्य करायला हवं. आपल्याच पूर्वजांचं वागणं त्यांना खटकायला लागलं होतं. पूर्वज चुकले म्हणायची सोय नव्हती. मग चूक युगाच्या माथी मारली. माणसं कुणीच चुकली नाहीत, काळ तेवढा बदलला. तुझ्या आईला हेच उत्तर मिळेल आणि तिचं त्याने समाधान होणार नाही, कारण तिच्या बाबतीत युग बदललेलं नाही. चौदा वर्षंच झालीत. गुरुजीही तेच आहेत.

आणि बदल नेहमी सुधारणेच्याच वाटेने जातो, असं समजू नकोस. आपल्या नास्तिक मंडळींची ती एक गोड समजूत आहे. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तो वैदिक मंत्रांनी. काशीहून गागाभट्ट आले. निर्णयसिंधुकार कमलाकरभट्टांचे हे सख्खे पुतणे. चव्वेचाळिसाव्या वर्षी महाराजांची मुंज झाली आणि मग अभिषेक. सव्वादोनशे वर्षं पुढे ये. १८९९, कोल्हापूर, पंचगंगेचा घाट. त्याच घराण्याच्या गादीवरचे शाहू महाराज स्नानाला गेले, तर भटजी वेदांतले, म्हणजे वेदोक्त, मंत्र सोडून शूद्रांसाठीचे पुराणोक्त मंत्र म्हणत होते. हटकल्यावर उत्तर मिळालं की वेदोक्ताचा अधिकार क्षत्रियांना आणि आपण त्यात नाही. याला आधार? होता की. "कलावाद्यन्तयोः स्थितिः", कलियुगात पहिला आणि शेवटचा असे दोनच वर्ण उरलेत, मधले संपले. म्हणजे जे १६७४ मध्ये मिळालं होतं ते १८९९ पर्यंत नाहीसं झालं होतं. मधल्या काळात वेद तेच होते. पेशवाई येऊन गेली होती आणि रायगडावर आता कुणी बसत नव्हतं. शाहूंनी मग ग्रंथांवर वाद घालण्यापेक्षा राजोपाध्यांची वतनं जप्त केली आणि १९२० मध्ये आपला वेगळा क्षात्रजगद्गुरूच नेमला. माझ्या मते त्यांना धर्मशास्त्र पुष्कळांपेक्षा चांगलं कळलं होतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या उटाह प्रांतातले मॉर्मन लोक बहुपत्नीत्व ही देवाची आज्ञा मानत. सरकारने १८८७ मध्ये कायदा करून त्यांच्या चर्चची मालमत्ता जप्त करायला घेतली. मे १८९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला आणि सप्टेंबर १८९० मध्ये त्यांच्या अध्यक्षांनी यापुढे अशी लग्नं नकोत असं जाहीर केलं. देवाला निकालाची प्रत मिळायला चार महिने लागले. आपल्या देशातल्या मौलवींमध्ये एके काळी नमाजात लाउडस्पीकर चालतो की नाही यावर गंभीर वाद होते आणि चालत नाही म्हणणाऱ्यांचे फतवे होते. आज उलट्या बाजूने भांडण चालू आहे.

तर या सगळ्यात मला दिसतं ते असं. नियम तसाच ठेवण्याचा त्रास दुसऱ्या कुणाला होत असेल, तर आधार वर्षानुवर्षं सापडत नाही. तो त्रास निर्णय घेणाऱ्याच्या अंगाशी आला, मग तो कोर्टाचा असो, वतनाचा असो नाहीतर दक्षिणेचा, की शिडी लागते. गरज आधी येते, वचन मागाहून सापडतं. ज्यांनी ती शिडी धरून ठेवली, शिव्या खाल्ल्या, वाळीत पडले, त्यांची नावं मात्र वचन सांगणाऱ्यांच्या तोंडी येत नाहीत.

तुझ्या गल्लीतच बघ ना. चौदा वर्षांपूर्वी गुरुजींच्या यजमानांत बहुतेक घरी एखादा मुलगा किंवा पुतण्या हाताशी होता. आज एक तर घरात एकच मूल आणि ते मुलगी. किंवा मुलगा आहे, पण टोरांटोत. व्हिसा, तिकीट, तीस तासांचा प्रवास. गोत्रातला पुरुष हवा म्हणून अडून बसलं तर माणूस शवागारात ठेवावा लागतो. त्यातच २०२० आणि २०२१ ची ती दोन वर्षं गेली. पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी अग्नी दिले, घरच्यांनी मोबाइलवर पाहिलं, दहावं व्हिडिओ कॉलवर झालं. अधिकार कुणाचा, हे विचारायला तिथे कुणी नव्हतं. शिवाय पुण्यात १९७० च्या दशकापासून बायका पौरोहित्य शिकताहेत. हे गुरुजी नाही म्हणाले तर समोरच्या काकांच्या मुलींनी दुसऱ्या दिवशी एखाद्या स्त्री पुरोहिताला बोलावलं असतं, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

आणि त्यांच्याही बाजूने थोडं बघ. तेव्हा त्यांनी तुझ्या आईला हो म्हटलं असतं, तर कऱ्हाडच्या भावकीने त्यांना पुढच्या कार्याला बोलावलं नसतं. पोट त्याच्यावर. मी त्यांना माफ कर म्हणत नाही, तो तुझा अधिकारही नाही. पण तू त्यांना धर्माचा मालक समजून जाब विचारायला निघालायस. ते गिऱ्हाइकाचा कल बघून दुकान चालवणारे साधे गृहस्थ आहेत.

आता तुझा जीआर. तुझी उपमा चुकली, हे मला सरकारी नोकरीत तीस वर्षं काढल्यामुळे सांगावंच लागेल. जीआरच्या डोक्यावर "वाचा" असं लिहून जुन्या निर्णयांचे क्रमांक आणि तारखा दिलेल्या असतात. खाली स्पष्ट लिहितात की अमुक तारखेचा निर्णय अधिक्रमित करून हा काढण्यात येत आहे. उद्या कुणी म्हणालं की जुन्या नियमामुळे माझं नुकसान झालं, तर त्याच्या हातात कागद असतो. तुझ्या आईच्या हातात काय आहे? "आधार आहे, हरकत नाही." नवा नियम आला आणि जुना होता याचाच पुरावा नाहीसा झाला. तिला जे लागलंय ते हे. समोरच्या मुलीला मिळालं म्हणून तिचं पोट दुखत नाहीये. आपल्याला नाही म्हटलं होतं, ही गोष्टच आता कुणी धरत नाही, याचं ते दुःख आहे.

म्हणून तिला समजवायला जाऊ नकोस. आज मी तुला जे लिहिलंय, शाहू महाराज आणि तो 'अ' आणि उटाह, यातलं काही तिच्यापुढे वाचू नकोस. तुझ्यासाठी आहे ते. तिला सरळ म्हण, जीआरचं बोललो ते चुकलं. आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर दे: तेव्हा चूक होती. ज्या ग्रंथाचं नाव घेऊन तिला मागे सारलं त्याच ग्रंथात तिचा अधिकार लिहिलेला होता, हे मात्र सांग, कारण ती ग्रंथ मानते आणि तिला ते कळायला हवं. कदाचित आणखी रडेल. रडू दे. चौदा वर्षं तिने कुठेतरी असंही धरलं असेल की आपणच काहीतरी भलतं मागत होतो.

गुरुजींकडे जायचं की नाही, ते तिला ठरवू दे. ती जाते म्हणाली तर गाडी तू चालव आणि तिथे तोंड उघडू नकोस. तिने विचारलेला प्रश्न तुझ्या दहा प्रश्नांपेक्षा त्यांना जड जाईल. ते युगधर्म सांगतील, मग थोडे गडबडतील. कुणी सांगावं, "माझं चुकलं, ताई" असंही म्हणतील. माझ्या माहितीत एका गुरुजींनी तसं म्हटलंय. सत्तरीच्या पुढचे होते आणि समोरच्या बाईच्या हातचा चहा थंड होईस्तोवर पेल्याकडे बघत बसले होते.

आजीच्या गतीचं काही मनात आलं असेल तिच्या. त्यावर तू "गती वगैरे काही नसतं" हे व्याख्यान देणार असशील तर जिभेला आवर घाल. मलाही नाही पटत गती. पण ती विचारते आहे ते परलोकाबद्दल नाही. आईचं शेवटचं आपल्या हातून झालं नाही, हे ती म्हणतेय. भाद्रपदात महालयाचा पंधरवडा येतो. तिला वाटलं की या वर्षी आजीचं आपण स्वतः करावं, तर करू दे. धर्मसिंधूतलं पान त्या दिवशी तरी उघडेल. तू समोर बस, पळीपंचपात्रं दे, दर्भ पुसून ठेव. "मी मानत नाही" हे त्या सकाळी कुणी तुला विचारणार नाहीये. मग तिने पान बाहेर ठेवलं आणि कावळा आला नाही, तरी घड्याळ बघू नकोस. कुठे कुत्रं फिरतंय का, तेवढं बघ.

आणखी एक. तुझ्या पत्रात आजी चार तास ओसरीवर होती, असं एकच वाक्य आहे. त्या चार तासांत तुझी आई कुठे बसली होती, आजीच्या अंगावर कोणतं लुगडं होतं, कोण काय बोललं, तिने आतून किती वेळा घड्याळ पाहिलं, यातलं तुला काही आठवतं का? तू सतरा वर्षांचा होतास. नसेल आठवत तर तिला विचार.

— ताई